उजव्या हाताचं चाक

त्या दिवसांत बाबांचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. पडलेलाच. ठेवलेला म्हणावा इतकीही मर्जी त्यात उरली नव्हती. पक्षाघाताचा झटका सौम्य होता असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. पाय सावरला, तोंड सावरलं, हात मात्र मागे राहिला. फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायच्या आणि जाताना मला फाटकाशी थांबवून सांगायच्या, "हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरतो." एवढं बोलून त्या स्कूटर चालू करायच्या, आणि मी ते वाक्य घेऊन दिवसभर कंटेनर यार्डातल्या माझ्या टेबलाशी बसायची. काळजी करण्यात आमच्या घरात माझा हात कोणी धरणार नाही.

बोलण्याचीही एक भानगड झाली होती. हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर बाबांना म्हणाला, "आजोबा, म्हणा बघू, गाडी." बाबा म्हणाले, "गारी." डॉक्टरने कागदावर काहीतरी खरडलं. "पुन्हा म्हणा, गाडी." "गारी." तेवढ्यात आई पदर सावरत पुढे झाली. "अवो डॉक्टर, आमी सगलीच गारी म्हनताव!" खरंच होतं ते. उरणकडच्या आम्हा लोकांच्या तोंडी गाडीची गारीच होते, घोड्याचा घोरा होतो. मीच पनवेलच्या कॉलेजात जाऊन गाडी म्हणायला शिकले होते. डॉक्टर हसला, आम्ही हसलो, आणि पुढचा आठवडाभर मी बाबांच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द पारखत बसले, की हा आपल्या बोलीचा की झटक्याचा.

हाताच्या व्यायामासाठी एक रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो डाव्या हाताने उचलून अंगणात भिरकावला. "मना काय पोर समजतंस?" माणसाने उभा जन्म बंदराच्या रस्त्यांवर ट्रेलर चालवलेला. पाठीमागे कंटेनर घेऊन अरुंद फाटकातून उलटं जाणं हा त्यांच्या डाव्या-उजव्या हातचा खेळ. त्यांना चेंडू दाबायला सांगणं मलाही जड जायचंच. पण रागही यायचा. निदान आमच्यासाठी तरी दाबा, असं वाटायचं.

आणि मग ती खेळण्यातली गाडी निघाली. आई लोणच्याची बरणी शोधायला माळ्यावरचा पसारा उपसत होती, त्यात खोका सापडला. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. मी लहान असताना त्याने परदेशातून ही रिमोटची मोटार आणलेली. आणलेली म्हणजे सुटे भाग आणलेले, जोडायचे घरी. नावाला माझी, पण जोडली बाबांनी आणि चालवली बाबांनी. मिठागराच्या बांधावर ती धूळ उडवत जायची आणि मी मागे धावायची. कधीतरी ती बंद पडली आणि माळ्यावर गेली.

खोका मी पडवीत बाबांसमोर उघडला. वरचं कवच पिवळं पडलेलं, जुन्या रिमोटमध्ये सेल फुटून हिरवी बुरशी धरलेली. पण चाकं धड होती. बाबा बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून सरकला, घसटत घसटत खोक्याच्या कडेला गेला आणि एका बोटाने त्यांनी पुढचं चाक फिरवलं. ते अर्धं फिरून थांबलं.

"चालंल ही?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," मी म्हणाले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. गाडी चालली तर हात चालेल, असं एक वेड मनाने घेतलं. बसमध्ये, जेवताना, यार्डात साहेबांची नजर चुकवून मी मोबाइलवर व्हिडिओ बघायची. हळूहळू कळलं की मोटर आणि गिअर ठीक असतील तर ते तसेच ठेवता येतात. बदलायचं ते बाकीचं. जुन्या गाडीत वेग कमीजास्त करायला तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकणारा एक दांडा होता, तो तापून तापून जळालेला. त्याच्या जागी आता छोटीशी इलेक्ट्रॉनिक डबी बसते. चाकं वळवायला सर्व्हो म्हणून एक ठोकळा, रिमोटचा हुकूम ऐकायला रिसीव्हर, आणि बॅटरी. झालं. पण यातल्या प्रत्येकाचे पन्नास प्रकार, आणि व्हिडिओतली माणसं एकमेकांशी भांडणारी. एक म्हणणार, नवी ताकदवान मोटर घाला. दुसरा म्हणणार, घालाल तर जुन्या प्लास्टिकच्या गिअरचा भुगा होईल. हलक्या, स्वस्त बॅटऱ्या दिसल्या, लगेच त्यांना आग लागल्याचेही व्हिडिओ दिसले. मी जड आणि गरीब स्वभावाची बॅटरी पक्की केली. घरात एक आजारी माणूस पुरे होतं.

औषधं आणि फिजिओथेरपी सांभाळून जे परवडेल तेच घ्यायचं होतं. वेगाची डबी मी पाण्याला दाद न देणारी ठरवली, कारण आमची हवाच अर्धी समुद्र. रिसीव्हर मात्र रिमोटसोबत येतो तो साधाच ठेवला. तो गाडीच्या पोटात झाकलेला राहणार, त्याला काय होतंय, असा विचार केला. इतक्या गोष्टींची काळजी केली आणि नेमकी हीच एक करायची राहिली.

खरा घोळ रिमोटचा होता. हल्लीचे रिमोट पिस्तुलासारखे असतात. डाव्या हातात मूठ धरायची, डाव्या बोटाने वेग द्यायचा, आणि बाजूला एक छोटं चाक असतं ते उजव्या हाताने फिरवून गाडी वळवायची. उजव्या हाताने. दुसरा एक प्रकार एकाच हाताने चालवायचा निघाला होता. त्यात अंगठ्यानेच वळवता येतं. तो घेतला तर बाबा डाव्या हाताने पहिल्याच दिवशी गाडी पळवतील, खूश होतील, आणि उजवा हात मांडीवर पडून राहील. चाकवाला घेतला आणि हात वळलाच नाही, तर चेंडूसारखा रिमोटही अंगणात जाईल, आणि त्यानंतर बाबा कशालाच हात लावणार नाहीत. मी फिजिओथेरपीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फार सोपं करून देऊ नका. पण फार कठीणही नको." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात.

एका सुट्टीच्या दिवशी मोरा बंदरातून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरले आणि मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिकच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "बच्चे के लिए?" मी म्हटलं, "बाबांसाठी." हाताचंही सांगून टाकलं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि एका हाताचा रिमोट काचेवर ठेवला. "ये ले जाओ मॅडम, आराम से चलायेंगे. खोलने के बाद वापस नहीं होगा, हां." भला माणूस होता. मी दोन्ही रिमोट आलटून पालटून हातात घेत राहिले, मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी चाकवाला उचलला. निर्णय घेतला असं म्हणवत नाही, कोणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. परतीच्या लाँचमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि सारखं वाटत होतं, चुकलं, तो दुसराच घ्यायला हवा होता.

जोडणी पडवीत झाली. बाबा डाव्या बोटाने दाखवायचे, मी करायची. पहिल्यांदा बॅटरी लावली तर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे पळाली आणि माझ्या गुडघ्यावर आदळली. "मोटरच्या दोन वायरी आदलाबदल कर," बाबा म्हणाले, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. पण रिमोट हातात दिला की म्हणायचे, "आदी तू बग. मंग मी." आज नको, उद्या. कंबर दुखतेय. पाऊसपाण्याचं होईल. आतून मी घाबरले होते.

शेवटी एका संध्याकाळी मी एकटीच गाडी घेऊन पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेले. ओल्या वाळूवर ती अशी सुटली की मीच ओरडले. घरी येऊन पडवीत गाडी ठेवली आणि बाबांना बजावलं, "उद्या सकाळी तुम्ही. काहीही सांगू नका. मी सुट्टी टाकलीय."

कपडे बदलून बाहेर आले तर आई न्हाणीच्या दगडावर बसली होती. गाडीचं कवच बाजूला काढलेलं, शेजारी बादली, आणि हातातल्या तांब्याने ती गाडीच्या पोटात पाणी ओतत होती. घासणीने चाकं घासून झाली होती.

"आये! काय करतंस?"

"खाऱ्यान जाऊन आयली ना गारी? मंग गोड्या पान्यान धुवाला नको?"

आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही, ते हातातच असतं. समुद्रावर गेलेलं काहीही, सायकल असो, चपला असोत, फावडं असो, घरात शिरण्याआधी गोड्या पाण्याने धुतलंच पाहिजे, नाहीतर खारं पाणी लोखंड खाऊन टाकतं. बाबांचा ट्रेलरसुद्धा खाडीच्या रस्त्यावरून आला की धुतला जायचा. मला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी मी आईवर ओरडले. तुला काही कळत नाही, सगळ्याची वाट लावलीस, नको नको ते बोलले. आईने उलट एक शब्द काढला नाही. पडवीत बाबा खाली मान घालून बसले होते. बॅटरी लावून पाहिली, रिसीव्हरचा दिवा लागला नाही.

मग सगळे करतात ते केलं. रिसीव्हर सोडवून पुसला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. बाकीची गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवली. रिमोट पडवीतच बाबांच्या खुर्चीजवळ राहिला, त्याची आता कोणाला गरज नव्हती. घेतलेली सुट्टी फुकट गेली. यार्डात बसून नवीन रिसीव्हर शोधायची आणि मध्येच थांबायची. वाटायचं, हा कौलच समजावा. एका हाताचा घ्यावा, बाबांना खेळू द्यावं आणि आशा सोडावी. फाटकाशी बाई तेच वाक्य म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोनेक दिवसांनी, रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर, आईने रात्रीच्या भातासाठी डबा उघडला आणि रिसीव्हर काढून माझ्या हातावर ठेवला. "बग तरी." मी खिडकीतली गाडी काढली आणि तिथेच ओट्याखाली फतकल मारून वायरी लावायला लागले. आई शेजारी बसली. जरा वेळाने हळूच म्हणाली, "मी आपल्या मनान नव्हती धुतली."

"म्हणजे?"

"तुज्या बाबानच सांगितलान. समुद्रावरची हाय, धू म्हनून. आतपरेंत धू, म्हनला."

मी वायर तशीच धरून राहिले. ज्या माणसाने जन्मभर इंजिनं धुतली, वायरिंगवर पिशवी बांधल्याशिवाय कधी पाण्याचा थेंब पडू दिला नाही, त्याने हे सांगितलं होतं. आणि आईने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं होतं. डोक्यात तिडीक गेली. उठून बाहेर जावं आणि तोंडावर विचारावं, असं वाटलं.

"त्याला सकालची भीती वाटली गो," आई म्हणाली. "हात न्हाय चालला तं तू रडशील म्हनून."

मी बॅटरी जोडली. दिवा लागला. लुकलुकला नाही, सरळ लागून राहिला. मला आधी कळेना. रिमोट चालू असल्याशिवाय तो दिवा असा स्थिर राहत नाही, आणि रिमोट तर बाहेर होता.

मग गाडीची पुढची चाकं हलली. आपली आपण. डावीकडे वळली, पार टोकापर्यंत. मग सावकाश मधोमध आली. मग उजवीकडे निघाली, अर्ध्यावर अडली, थरथरली, परत मधोमध आली. पडवीतून खुर्चीच्या करकरण्याखेरीज काही आवाज नव्हता. गाडी मेली आहे, कोणी बघत नाही, अशा खात्रीने बाहेर बाबा रिमोटचं ते उजव्या हाताचं चाक फिरवत होते. चालू केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायची सवय नाही, म्हणून रिमोट तेवढा चालू केला असणार.

मी उठायला लागले तशी आईने माझं मनगट धरलं.

"जाव नको," ती कुजबुजली. "चालवू दे त्याला."

आम्ही दोघी फरशीवर वाकून त्या चाकांकडे बघत बसलो. ती पुन्हा उजवीकडे निघाली, अर्ध्यावर अडली, आणि या वेळी तिथून आणखी थोडी पुढे गेली.