कपाटातलं पाऊल

दूध वर येत होतं, नवरा चष्मा शोधत होता आणि सून इस्त्री तापायची वाट बघत उभी होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"ओळखीचं कुणी नाही," गॅस बारीक करत पोस्टबाई म्हणाली. "दोनदा हळू वाजवलं आणि थांबलं. काहीतरी मागायला आलंय."

तिची उभी हयात पत्रं वाटण्यात गेली होती, म्हणजेच लोकांची दारं वाजवण्यात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्ली तिला पोस्टबाईच म्हणे. पायाला भिंगरी लावल्यासारखं फिरणंही सुटलं नव्हतं.

दारात एक तरुण मुलगी होती, हातात पुठ्ठ्याचा खोका. "काकू, मी विद्यापीठाच्या संग्रहालयातून आले. घर पोस्टमनदादांनी दाखवलं."

"चष्मा शोधून देणार असशील तर ये आत," नवरा आतून ओरडला.

मुलगी आत आली, अर्धा चहा प्यायली आणि मग मुद्द्यावर आली. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनी काचेची कपाटं होती. त्यांत रुग्णांच्या हातापायांचे प्लास्टरचे ठसे. पूर्वी डॉक्टर त्यांवरूनच शिकत. आता ठसे इतके ठिसूळ झालेत की हात लावला तरी भुगा पडतो. म्हणून ते चहूबाजूंनी स्कॅन करायचे, आकार कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये घडवायचा. म्हणजे बाहेरच्या लोकांना तो हातात घेता येईल, ज्यांना दिसत नाही त्यांनाही.

"त्यातला एक ठसा तुमचा आहे. जुन्या नोंदीत नाव सापडलं. तुम्ही हो म्हणालात तरच लोकांसमोर ठेवायचा."

तिनं खोका उघडला. वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर प्लास्टिकचं एक लहानसं पांढरं पाऊल होतं. आत वळलेलं, तळवा वर बघणारा.

सुनेनं इस्त्री उभी करून ठेवली. "आई, हा तुमचा पाय?"

"होता. ऑपरेशनच्या आधीचा."

नवऱ्याला हे लग्नापासून ठाऊक होतं. चष्मा त्याच्याच डोक्यावर सापडला होता; तो नाकावर घेऊन त्यानं पाऊल नीट पाहिलं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. हिचे कपाटात दिसले."

"तुम्ही चहा प्या."

सहा-सात वर्षांची असेल ती तेव्हा. उतरत्या बाकांचा मोठा वर्ग, मधोमध टेबल, टेबलावर ती. फ्रॉक गुडघ्यावर खोचलेला. डॉक्टर छडीनं पाऊल दाखवत होते आणि तिला सोडून सगळ्यांना प्रश्न विचारत होते. आईला बाहेरच थांबवलं होतं. झुलत्या दाराखालच्या फटीतून तिला आईची पावलं तेवढी दिसत होती, ती त्यांच्याकडेच बघत बसली. मग थंडगार प्लास्टर घोट्यापर्यंत चढलं. "हलू नकोस," एवढंच काय ते तिच्याशी कुणी बोललं.

"नाही म्हणा, आई," सून म्हणाली. "कुणीही उचलणार, फोटो काढणार. लोकांना काय, हसायला निमित्त."

"नाही म्हणालात तर हा इथेच ठेवून जाईन," मुलगी म्हणाली. "कॉम्प्युटरवरचंही पुसून टाकू."

"आणि खरा ठसा?"

"तो कपाटात. कुलपात."

पोस्टबाईनं पदराला हात पुसले आणि पाऊल उचललं. सवयीनं हातानं वजन केलं. पार्सल म्हणावं तर फारच हलकं. टाचेपासून अंगठा फिरवत ती बोटांपर्यंत आली आणि शेवटच्या बोटाशी थांबली.

"हे कुणाचं?"

मुलगी गोरीमोरी झाली. "मूळ ठशाची करंगळी कधीतरी तुटली होती. दुसऱ्या एका मुलाच्या ठशावरून घेतली. मापात बसली."

"पाकीट हिचं, पत्र दुसऱ्याचं," नवरा म्हणाला.

पोस्टबाईनं चप्पल काढली आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला. टाचेच्या आतल्या बाजूनं एक फिकट वण गेला होता. बाकी चार जणांसारखा पाय, उन्हानं रापलेला. करंगळी मात्र शेजारच्या बोटावर ऐटीत चढून बसलेली.

"ऑपरेशनवाल्यांनी हिला हात लावला नाही."

मुलगी वाकून बघू लागली. सूनही वाकली. इतकी वर्षं एका घरात काढली, पण सासूचं पाऊल तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही हो म्हणताय?" सुनेनं विचारलं.

"तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं गं. ही दार वाजवून विचारायला आलीय."

मुलीनं घाईघाईनं मोबाइल काढला. "खाली पाटी लावू आपण. तुमचं नाव, नोकरी, जे सांगाल ते."

"पाटीचं तुम्ही बघा," पोस्टबाई म्हणाली. "एवढंच करा. ही करंगळी मोजून घ्या आणि लहान करून हीच बसवा. आईची अशीच होती."