चांदीची जीभ

माझ्या थोरल्या बहिणीच्या दिरांइतका रागीट माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. राग आला की आधी त्यांचे कान लाल होत आणि मग तोंड सुटे. साताऱ्यात त्यांना ‘वेड्यांचे डॉक्टर’ म्हणत. मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळातली पगारी नोकरी सोडून ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला गावी परतले, ते एक खूळ घेऊनच. जी मुलं बोलत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत, दिवसभर एकच वस्तू फिरवत बसतात, ती वेडी नाहीत आणि मठ्ठही नाहीत. त्यांची घडणच निराळी आहे, आणि ती कशी, हे कुणीतरी नीट बघायला हवं.

पंचाईत अशी, की ही मुलं सापडत नसत. ती आतल्या खोलीत असत आणि डॉक्टर दारात आले की घरचे म्हणत, “आमच्यात न्हाई बा तसलं कुणी.” मग डॉक्टरांनी औंधचा एक सोनार गाठला. मूल बोलू लागावं म्हणून लोक देवीला चांदीची जीभ वाहत. ज्या घरची जीभ, त्या घरात मूल. “आटपाडीच्या अंगाला एक जीब गेली हाय, डाक्टर,” सोनार सांगे, आणि पेट्रोलच्या टंचाईपायी कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीला व सरकारला सारख्याच शिव्या देत हे गृहस्थ निघत. सोबतीला पुष्कळदा मी.

आटपाडीच्या त्या घरी मांडलेली खुर्ची त्यांनी पायानं बाजूला सारली, पोराकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि कोटाच्या खिशातून डब्याचं झाकण काढून फिरवू लागले. खिशात अशी झाकणं, भोवरे, रिकामी रिळं कायम असत. बराच वेळ हेच चाललेलं पाहून पोराचा आजा म्हणाला, “आवं डाक्टर, आमी नातू दावला, आन् तुमीच खेळाय लागलासा.”

“गप बसा. आमचं बोलणं चाललंय.”

तेवढ्यात आजीनं कारण सांगितलं: सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली होती. डॉक्टरांचे कान पेटले. “स्वयंपाक गावातल्या सगळ्याच पोटुशींनी केला असेल ना त्या दिवशी? मग बाकीच्यांची पोरं पोपटासारखी कशी बोलतात?” कोपऱ्यातल्या त्या सुनेनं आम्ही आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

या मुलांना महिनोन्‌महिने बघायचं, तर आयांसकट ठेवायला जागा हवी. सांगलीतल्या एका धर्मशाळेच्या दोन खोल्या ओस पडल्या होत्या आणि त्या द्यायच्या की नाही हे एका रावबहादुरांच्या हाती होतं. रावबहादुरांनी खोल्यांऐवजी आधी सभा दिली. स्वागतगीत झालं, हार झाले, परंपरेवर लांबलचक भाषण झालं. डॉक्टरांच्या वाट्याला आला तो आभाराआधीचा थोडा वेळ. त्यांचं संपल्यावर रावबहादूर उठून म्हणाले, “डॉक्टरसाहेबांचा व्यासंग दांडगा आहे. पण हे आजार विलायतेतले. आपल्याकडच्या संस्कारी घरांत अशी मुलं जन्मत नाहीत.” टाळ्या पडल्या.

मी डॉक्टरांच्या कानांकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात सोनारानं माझ्यादेखत सांगितलं होतं, की आजवरची सगळ्यांत जड जीभ याच रावबहादुरांच्या घरून घडवायला सांगितली गेली आहे. एक वाक्य पुरे होतं. कान लालबुंद झाले, डॉक्टर उठले, “बरं” म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

परतताना त्यांच्या वाट्याचा राग मीच काढला. “एक शब्द बोलला असतात, तर खोल्या हातात होत्या.”

“होत्या ना,” ते म्हणाले. “पण ते पोर आज आतल्या खोलीत तरी आहे. उद्या माळ्यावर गेलं असतं.”

खोल्या मिळाल्या नाहीत. त्यांचा अभ्यास कुठं छापूनही आला नाही. ते गेले, आणि गावात त्यांच्या नावाची पाटीसुद्धा नाही. रावबहादुरांचा अर्धपुतळा मात्र धर्मशाळेच्या दारात आहे आणि तो दिसला की मी आजही रस्ता बदलतो.

पण सभेनंतर काही महिन्यांनी, एका भर दुपारी, डॉक्टरांच्या परसदारी पडदा सोडलेला टांगा थांबला. रावबहादुरांच्या पत्नी मुलाला घेऊन उतरल्या. डॉक्टर नेहमीसारखे जमिनीवर पाठमोरे बसले आणि झाकण फिरवू लागले. कितीतरी वेळानं त्यांच्या खांद्यावरून एक लहान हात पुढे आला, त्यानं झाकण थांबवलं, आणि जरा थांबून पुन्हा फिरवलं. डॉक्टर वळले नाहीत. त्यांचे कान तेवढे लाल झाले होते, आणि रागावण्यासारखं तर तिथं काहीच घडलं नव्हतं.