नव्या चाकाला फासलेलं ऑइल

माझा भाऊ फार शांत आहे, असं लोक कौतुकाने सांगतात. मला त्या शांतपणाचा मनस्वी संताप येतो. घरात रागवायचं काम कुणीतरी करावंच लागतं, ते आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

दादा जुन्या युरोपियन मोटारी दुरुस्त करतो. गल्लीच्या आत त्याचं पत्र्याचं गॅरेज, जमिनीत माणूस उभा राहील एवढा खड्डा, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने. ज्यांच्या कंपन्या कधीच बुडाल्या, पण ज्यांचे मालक अजून त्यांना लेकरासारखं पुसतात, अशा मोटारी तिथे येतात. दादा त्या उघडतो, जोडतो, फाटकापर्यंत चालवून बघतो आणि देऊन टाकतो. सगळी हयात दुसऱ्यांच्या मोटारी फाटकापर्यंत चालवण्यात गेली.

त्याची स्वतःची एकच. छोटी, गोल पाठीची, भंगारातून उचललेली. उरलेल्या वेळात त्याने ती उभी केली. इंजिन झालं, ब्रेक झाले, गाद्यासुद्धा झाल्या. गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक तेवढं राहिलं. पुढे जायचे सगळे गिअर त्या एका चाकाच्या जिवावर, आणि त्याचे दात पार झिजलेले. इथे लेथवर करून घेतलेलं चाक पहिल्याच दिवशी तुटलं.

त्यातच दादाला काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं विझत चाललंय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "अजून थोडे दिवस, तेही दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर. पुढच्या तपासणीनंतर गाडी चालवणं बंद." बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आपली गाडी एकदा आपण चालवावी, एवढंच होतं गं." मला तिथेच पायरीवर बसून रडावंसं वाटलं. त्याऐवजी मी रिक्षावाल्याशी भांडले.

शोधता शोधता चाक सापडलं. समुद्रापलीकडे एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे, मूळ कंपनीचं, डब्याबाहेर कधी न निघालेलं. त्याच्याकडचं ते शेवटचं.

आता या धंद्यातल्या लोकांची अक्कल ऐका. परदेशातून नवा भाग आला की कस्टमवाले विचारतात, कुठल्या मॉडेलचा? मॉडेल आमच्या यंत्रणेत नाही. कंपनीचं पत्र आणा. अरे, कंपनी बुडून जमाना झाला! मेलेल्या माणसाकडे हयातीचा दाखला मागायचा हा प्रकार. मागे एका रबरी वायसरसाठी दादाच्या चपला झिजल्या होत्या. यावर सगळ्या गॅरेजवाल्यांनी मिळून एक तोडगा काढला आहे, आणि घरगुती औषधासारखा तो ते एकमेकांना सांगत असतात. पाठवणाऱ्याला म्हणायचं, भागाला काळं ऑइल फासा, चिंध्यांत गुंडाळा आणि वर लिहा, 'जुना, निकामी'. साहेब नाक मुरडतो आणि सोडून देतो.

"दादा, चांगल्या नव्या चाकाला काळं कशाला फासतोस?" मी विचारलं.

"सगळे असंच आणतात. तू फक्त त्याला कळव."

म्हाताऱ्याने उलट कळवलं, 'जिवावर आलं, पण फासलं.' त्या परक्या माणसाला जे समजलं, ते आमच्या शहाण्याला समजू नये!

पार्सल आलं आणि अडकलं. आम्ही कस्टमच्या कचेरीत गेलो. लांबलचक खोली, जाळीमागे टेबलं, प्रत्येक टेबलावर शिक्के आणि थंड झालेला चहा. आमचा साहेब तरुण होता, सभ्यही होता. उद्धट असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

"नियम बदललाय," तो म्हणाला. "वापरलेला भाग आता सोडता येत नाही. भंगार म्हणून सोडता येतो, पण ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कापावं लागतं. तुम्हाला हेलपाटे नकोत म्हणून मी लगेच कापून घेतलं."

दादाने चिंधी सोडली. चाकाचे दोन तुकडे, अगदी मधोमध. त्याने शर्टाच्या टोकाने एक दात पुसला. काळ्याखाली लोखंड लखलखत होतं.

"नवीन होतं साहेब," दादा म्हणाला. "एकदाही फिरलं नव्हतं."

साहेबाचा चेहरा उतरला. "मग निकामी कशाला लिहिलंत?"

मी ओरडले. नियमावर ओरडले, करवतीवर ओरडले, दादावर तर सगळ्यात जास्त. जाळीमागचे सगळे माना वर करून बघत होते. दादाने तुकडे गुंडाळले आणि म्हणाला, "चल."

"वेल्डिंग करता येईल ना?" मी रस्त्यात विचारलं.

"करवतीच्या पात्याएवढं लोखंड गेलंय. दात जुळणार नाहीत."

रविवारी सकाळी, गल्ली अजून झोपेत असताना, तो मला उठवायला आला. "रिव्हर्सचं चाक वेगळं आहे," तो म्हणाला. "रिव्हर्स पडतो."

"डोकं फिरलंय का तुझं? धड बाजूचं दिसेना, आणि मागे जाणार?"

"मागचं बघायला तू आहेस की."

मी चालत निघाले, आणि माझ्या मागून त्याची मोटार उलटी येऊ लागली, गोल पाठ पुढे करून, बाळ रांगावं तशी. एक सायकलवाला आडवा आला, त्याला मी असं झापलं की तो उतरून भिंतीला चिकटला. कुणीतरी खिडकीतून हसलं, त्याचाही उद्धार केला. इतक्या दिवसांचा साठलेला राग कामी येत होता. डावीकडे, उजवीकडे, सरळ, मी ओरडत होते आणि दादा एकेक शब्द ऐकत होता. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागला. त्याने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं.

परत न्यायला ती ढकलावी लागणार होती. दोघंतिघं मदतीला धावले, मी त्यांना हाकलून दिलं. मागे जाऊन दोन्ही हात टेकवले.

"उतर आता," मी म्हटलं. "तेवढंच ओझं कमी होईल."

"नाही उतरणार," तो आतून म्हणाला. "ती पुढे जाताना मी आत पाहिजे."

मग मी ढकललं.