उजवा कौल

अठ्ठ्याण्णव साली देवरूखला आम्हा प्राथमिक शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे बाहेरून आलेल्या एका विद्वानांनी आमचं भविष्य सांगितलं. लवकरच शाळेत शिक्षक उरणार नाही, म्हणाले. एक चांगला आवाज भरून ठेवायचा, तोच संगणकातून गावोगाव शिकवील. ऐकून माझी भूक मेली असं काही झालं नाही, उसळ मी दोनदा वाढून घेतली. पण परतताना एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं. माझी शाळा पालीहून आत, डोंगरातल्या एका वाडीची. खोली एक, इयत्ता चार आणि शिकवायला मी एकटी. मला त्या खोलीचं वेड होतं. ती जाईल या कल्पनेनेच मी घाबरले.

मी हे वाडीत बोलले आणि तिथे खळबळ उडाली. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, ग्रामदेवाचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी भिजवलेले तांदूळ चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. प्रश्न मात्र नेमका हवा. देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो.

"मशीन येवंदे नायतर ऱ्हावंदे," वाडीतले मानाचे म्हातारे म्हणाले, "आमाला बाय पायजे. तेवडंच इचार."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बाय आमच्या साळंत ऱ्हानार आसतील, तं उजवा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

ते ओरडणं संपायच्या आतच उजवा दाणा पडला. मी पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, पण माझे डोळे भरून आले. पायऱ्या उतरताना गुरव मात्र मागे वळून पाषाणाकडे बघत होता. "येवड्या झटकन कदी पडत नाय," एवढंच म्हणाला.

काही वर्षांनी संगणक आला आणि धडे भरून घ्यायला निवडला तो नेमका माझाच आवाज. त्यासाठी रत्नागिरीत एका बंद खोलीत मला बसवलं. भिंतींना जाड कापड लावलेलं, त्यामुळे माझं बोलणं तोंडातून निघताच विझत होतं. "प्रश्न विचारलात की थांबा," तिथला माणूस म्हणाला. "मुलांना उत्तराला जागा सोडा. मग उत्तर आलं असं धरून पुढे बोला." मी भिंतीला विचारलं, "समजलं का मुलांनो?" आणि थांबले. त्या थांबण्यात कोणीतरी ऐकतंय असं वाटून माझ्या अंगावर काटा आला.

वर्गात तो आवाज लागला की पोरं पडद्याकडे बघून "होऽ बाई!" म्हणायची. शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. "अरे, मी अजून जिवंत आहे!" मी म्हणायचे. पोरं खिदळायची.

मी निर्धास्त होते. इतरांच्या बदल्या झाल्या, माझी झाली नाही. देवाने शब्द पाळला होता. पण वाडीतले पुरुष मुंबईला कामाला. पूर्वी ते शिमग्याला एकटे येऊन एकटे जात, आता जाताना बायकापोरांना घेऊन जाऊ लागले. उरलेली पोरं जीपमध्ये बसून पालीच्या इंग्रजी शाळेत निघाली. निरोप घ्यायला आलेल्या आया मलाच धीर देत. "तुमी हाव ना बाय, साळा काय जात नाय. कौल हाय." कोणालाच टोचणी नव्हती. देवाने हमी दिलेली शाळा सोडून जायला भीती कसली?

शेवटी शाळेत चौथीतली एकच मुलगी राहिली. तीही पास होऊन गेली. नवीन वर्षाला मी दार उघडलं, घंटा दिली, आणि कोणी आलं नाही. वरून काही हुकूम येईपर्यंत मला रोज तिथे बसायचंच होतं.

एका सकाळी शांतता असह्य होऊन मी संगणक लावला. माझा आवाज खोलीभर पसरला, तरुण, उत्साही. देवळाकडे निघालेला गुरव दारात थबकला.

"पोरं आली काय?" त्याने आशेने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तो रिकाम्या बस्करांकडे बघत राहिला. मग उतरल्या चेहऱ्याने हळूच म्हणाला, "बाय, आपन पोरांचं इचारलंच नाय."

"समजलं का मुलांनो?" पडद्यातून मी विचारलं.

आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. सोडलेली जागा संपली.

"शाब्बास!" माझा आवाज म्हणाला.