चाचीचं शिकाऊ लायसन

आमच्या धाड गावातल्या ऑनलाइन सेंटरवर मी प्रिंट काढायला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक बांगडीवाली चाची स्कूटीच्या शिकाऊ लायसनचा अर्ज भरत होती. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवावी तशी ती एकेक कळ हलकेच दाबत होती.

अर्ज भरून झाला की साइट तिला मोबाइल नंबर तपासायला दुसऱ्या पानावर पाठवायची. तिथून परत आली की अर्ज कोरा! पुन्हा तसंच झालं, तेव्हा तिने साइट बनवणाऱ्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. मीही पुण्यात साइटच बनवतो, म्हणून मान खाली घालून प्रिंट मोजत राहिलो. शेवटी राहवेना.

"चाची, दुसऱ्या पानावर पाठवताना आधीचं भरलेलं जपून ठेवावं लागते. यांनी ठेवलं नाही."

"माही सास पाहा," ती म्हणाली. "मी महिनाभर मायेरी राहून आली, तरी भांडन जिथं सुटलं तिथूनच धरते. अन् याले दोन मिनिटांत मी कोन ते याद नाही?"

"लायसनची एवढी घाई काऊन?"

"दीर त्याच्या गाडीवर बाजारात नेते, पण वाटेत टपरी दिसली की उतरते. मी पोचतो तवा बाजार उठून राह्यते, भाऊ."

मी तिला आधी नंबर तपासून मग अर्ज भरायला सांगितलं. या वेळी अर्ज जमा झाला. ती आनंदाने बाहेर पडली, बांगड्यांची पेटी दारात लावलेल्या आपल्या स्कूटीवर बांधली, ओढणी खोचली आणि किल्ली फिरवली.

"चाची, लायसन यायचं हाय अजून!"

"येऊ दे ना त्याले सावकाश," ती म्हणाली. "मले तं गाडी येते."