पोरगी वाचत नव्हती, पाठ म्हणत होती

आमच्याकडे इंग्रजी शाळा कोणतीही असो, तिला कॉन्व्हेंटच म्हणतात. माझी नात पिपरी मेघेतल्या अशाच एका कॉन्व्हेंटात दुसरीला आहे. केजीत असतानाच पालकसभेत तिच्या बाईंनी सांगून टाकलं होतं, घरी मराठी बंद करा, पोरांची इंग्रजी बिघडते. माझा मुलगा आणि सूनबाई मुकाट मान हलवून आले. आता इंग्रजी दोघांनाही धड बोलता येत नाही. मग यांनी काय करावं? पोरीशी हिंदी सुरू केली. ही अक्कल आमच्याकडेच निघू शकते. "बेटा, दूध मत सांडना," असं माझा मुलगा म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण म्हातारा माणूस, बोललो तर घरात कटकट, म्हणून गप्प बसत होतो. ते गप्प बसणं चुकलंच माझं.

मी जामजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होतो. नोकरीतली बहुतेक वर्षं पहिलीच शिकवली. माझा मुलगाही माझ्याच वर्गात वाचायला शिकला.

दिवाळीत सूनबाईचे आईवडील आले होते. पोरीने इंग्रजी पुस्तक घेतलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं. डोळे चित्रावर, तोंड आपलं चाललेलं, पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं बोलून मोकळी. पाहुणे गेल्यावर मी चित्रावर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाच. पोरीने पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मुझे पढ़ना नहीं आता. किसी को मत बताना."

सात वर्षांची पोर. इतके दिवस घरादाराला फसवत होती, भीतीपोटी. राग कोणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी पाटी आणली. माझी पद्धत एकच. पोराला बोलू द्यायचं, तो बोलला ते फळ्यावर लिहायचं आणि त्यालाच वाचायला लावायचं. एकदा एक पोरगा म्हणाला होता, "आमची शेळी व्याली." मी तेच लिहिलं, आणि आठवडाभर सगळा वर्ग ती शेळी वाचत होता. स्वतःच्या तोंडचं लिहिलेलं दिसलं की अक्षर म्हणजे काय ते पोराला कळतं. ते एकदा कळलं की कोणतीही भाषा आणा, पोरगं वाचतं. आधी अर्थ नसलेले आवाज घोकवायचे आणि मग वाचत नाही म्हणून ओरडायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत.

नातीला म्हटलं, काहीही बोल. ती म्हणाली, "मुझे टीचर पसंद नहीं." हिंदी तर हिंदी, अक्षरं तीच. लिहिलं. तिने बोट ठेवून वाचलं आणि खुदकन हसली. पुढचे तीन महिने रोज दुपारी आमची शाळा चालली. हळूहळू तिच्या तोंडी मराठी येऊ लागली, तशी पाटीवरही आली.

एक दिवस मुलगा लवकर घरी आला आणि त्याने पाटी पाहिली. "बाबा, तुम्ही तिले कन्फ्यूज करून राह्यले. एका डोक्यात तीन भाषा कशा मावतीन?"

"तुम्ही तिले एक तरी पुरी देली का?" मी म्हणालो. "काऊन घाबरते ते पोरगी पुस्तकाले, इचारलं कधी?"

तो तोंड फिरवून आत गेला. पाटी मात्र चालू राहिली.

परवा शाळेतून आली ती दप्तरातून डायरी काढूनच माझ्याजवळ आली. बाईंनी शेरा लिहिला होता. घरी मराठी नको म्हणणाऱ्या शाळेने शेरा मराठीत लिहिला होता, आईबापाला नीट समजावा म्हणून. मी चष्मा शोधेपर्यंत पोरगी बोट ठेवून सुरू झाली. "मुलगी... अ... अभ्या..." जोडाक्षरावर अडखळली, मागे आली, पुन्हा धरलं. "अभ्यासात मंद आहे. वाचता येत नाही. घरी लक्ष द्यावे."

वाचून झालं तसं तिने मान वर केली. चेहरा फुललेला. "आजोबा, पुरं वाचलं ना मी? मंद म्हणजे काय?"

मला तिच्याकडे बघवेना. डायरी ओढून घेतली आणि त्या शेऱ्याखाली लिहिलं, 'वरील शेरा मुलीने स्वतः वाचून दाखवला.' पालकाच्या जागी सही मी केली.