डाव्या पायाचा गुण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. आईला ठाऊक होतं, पण तिलाही मी सांगितलं नव्हतं, ते तिच्यावर येऊन पडलं. आता तीही नाही, आणि जिच्या पाठीची ही गोष्ट आहे तीही नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याजवळ बोलायला बरं वाटतंय. नुसतं सुरू केलं तरी छाती थोडी मोकळी झाली.

मी पायाळू नाही.

हसलात? हसा. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. पाठीत उसण भरली की आमच्याकडे असा माणूस शोधतात. त्याने दुखत्या जागी डाव्या पायाने हलकी लाथ मारली की दुखणं पळतं म्हणतात. मी चारचौघींसारखी डोक्याकडूनच आले. तरीही पाच-सहा गावांत मी पायाळू सून म्हणून ओळखली जात होते.

माहेर माझं भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं, हायवेवरचं. मॅट्रिक झाले आणि पवनीजवळच्या एका खेड्यात, धानाच्या घरात मला दिली. साल शहात्तर-सत्त्याहत्तर असेल. चिखलात वाकून रोवणी करायची मला सवय नव्हती. सासूबाई — आम्ही त्यांना मामीजी म्हणायचो — माझ्या प्रत्येक कामाला नाव ठेवायच्या. भात गिच्चा, शेणाचा सडा पातळ, रोवलेलं धान रांगेत नाही. धानाच्या बांधीत सगळ्या बायकांसमोर मला ‘सडकेवरची मास्तरीण’ म्हणायच्या, आणि बायका कंबर सरळ करून हसून घ्यायच्या. मीही हसायचे. घरी येऊन भांडी आपटायचे. वर्षभरात एकदासुद्धा त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीत मामीजी पडल्या. डोक्यावर रोपांचा भारा, बांधीच्या कडेचा धुरा ओला — पाय सरकला आणि बुडावर आपटल्या. बैलबंडीत निजवून घरी आणलं. तेल लावलं, विटेचा शेक दिला, पण त्यांना कुशीवरसुद्धा वळता येईना. शेजारची म्हातारी म्हणाली, उसणच आहे, पायाळू पाहा. गावातला एकुलता पायाळू चिखल्याला, मँगनीजच्या खाणीवर कामाला गेलेला. आता कुणाला आणायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत होते.

आणि मी म्हणाले, “मी आहो ना पायाळू.”

का म्हणाले? त्यांचं कण्हणं ऐकवेना म्हणून? पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण तसं नव्हतं. मला ती लाथ मारायची होती. सगळ्यांदेखत, सगळ्यांच्या संमतीने, त्या बाईच्या पाठीत. पाय नुसता टेकवायचा असतो. मी तो टेकवला नाही. मी मारला.

मामीजी ओरडल्या. मग हळूच कुशीवर वळल्या, आणि भिंतीला धरून उठून उभ्या राहिल्या! म्हणाल्या, मोकळं वाटते. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लाजलेच. त्या दिवशी मामीजींनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली आणि स्वतःच्या आधी मला जेवायला बसवलं. मला आवडलं ते. का खोटं बोलू?

मग रोज सकाळी त्या चटईवर पालथ्या पडायच्या आणि मी पाय द्यायचे. राग लवकरच ओसरला. जी बाई रोज तुमच्यापुढे विश्वासाने पाठ करून निजते तिच्यावर किती दिवस रागावणार? पाय हलका झाला, पण थांबला नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली, नारळ ठेवू लागली. मामीजी ओसरीवर बसून माझं कौतुक सांगायच्या. दुपारपर्यंत त्यांची पाठ पुन्हा भरून यायची. नवरा म्हणायचा, भंडाऱ्याला डॉक्टरकडे जाऊ. त्या उडवून लावायच्या, “घरात गुण असल्यावर डॉक्टर कायले पाह्यजे?” आणि मी? मी चुलीत लाकूड सारत बसायचे. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलले असते तर मी पुन्हा सडकेवरची मास्तरीण झाले असते — एवढंच. दोन पावसाळे गेले. मामीजी वाकत चालल्या होत्या, आणि हे सगळ्यांत आधी माझ्या पायाला कळत होतं.

पहिल्या बाळंतपणाला मला न्यायला आई आली. मामीजींनी कौतुकाने विचारलं, हिचे पाय आधी आले तेव्हा तुम्हाला फार त्रास झाला असेल ना? आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आई म्हणाली, हो, फार त्रास झाला. माझ्या आईला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. एस.टी.त ती इतकंच म्हणाली की त्या बाईची पाठ बघ.

लेक घेऊन परत आले आणि मी दुसरं खोटं बोलले. म्हटलं, बाळंतपणात पायाचा गुण गेला. खरं बोलायची हिंमत तेव्हाही झाली नाही. पण मामीजी भंडाऱ्याला यायला तयार झाल्या. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पडल्या तेव्हाच मणका चेपला होता, तो तसाच वाकडा जुळला. वेळेवर आणून सपाट निजवून ठेवलं असतं तर पाठ एवढी वाकली नसती. वरून कुणी दाबलं-तुडवलं का, असंही विचारलं. मी मांडीवरच्या लेकीचं टोपडं नीट करत राहिले.

पट्टा दिला, लाकडी तखतावर निजायला सांगितलं, वाकून काही उचलायचं नाही म्हणाले. पालथं निजून छाती हळूहळू वर उचलायचा व्यायाम मीच त्यांच्याकडून रोज करून घ्यायचे. पाठ सरळ झाली नाही. पण ठणका कमी होत गेला. एका दुपारी त्या सुपात तांदूळ पाखडता पाखडता गुणगुणत होत्या, एकदाही कण्हल्या नाहीत. मी परसात जाऊन रडले. इतकं हलकं मला लेक झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

लाथेचं सांगायला एवढी वर्षं लागली नसती. अडलं होतं ते यापुढचं.

व्यायाम संपवून एकदा मामीजी तखतावर बसल्या होत्या. मी पट्टा बांधत होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “माह्या पाठीपायी तुह्या पायाचा गुण सरला, बाई. रोज रोज मागितलं मी. मले समजत होतं, तरी थांबली नाही. माफ कर मले.”

त्यांचे डोळे भरले होते. मी पट्ट्याची गाठ नीट केली आणि म्हणाले, “असू द्या, मामीजी.”

मी त्यांना माफ केलं.